कलम २० ची सेवा: दिव्यांग शासकीय कर्मचाऱ्याने केलेले परीक्षण

शासकीय नोकरीत असताना दिव्यांगत्व आले आणि त्यापायी कार्यालयाकडून भेदभाव झाला, तर दाद मागण्यासाठी कायद्याने, मुख्यतः दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० च्या आधारे, जी व्यवस्था उभी केली आहे, तिचा मी गेली अडीच वर्षे वापर करीत आहे. कार्यालयातील तक्रार निवारण अधिकारी, पुण्यातील राज्याचे दिव्यांग आयुक्त आणि त्यापुढे प्रशासकीय न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय अशा तिच्या पायऱ्या आहेत. ही सेवा नागरिकांच्या पैशातून चालते आणि ज्याला तिची गरज लागते त्याच्यापाशी बहुधा दुसरा पर्याय नसतो. म्हणूनच ती कशी आहे, कोठे उपयोगी पडते आणि कोठे अडते, हे वापरणाऱ्याने लिहून ठेवावे असे मला वाटले.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. राज्य शासनाच्या एका विभागाच्या जिल्हा कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. वयाच्या चाळिशीनंतर दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराचे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसाचे, निदान झाले. या विकारात आधी रात्रीचे दिसणे जाते आणि मग नजरेची कक्षा कडेकडेने आक्रसत जाते. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मला आजही ओळखता येतो, पण त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. त्यामुळे सहकाऱ्यांचा गैरसमज होतो. चेहरा ओळखणाऱ्याला टेबलावरची फाइल कशी सापडत नाही, असे त्यांना वाटते. दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर कायदा त्याला अंधत्वच मानतो आणि १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. ही व्याख्या मी पहिल्याच अर्जाला जोडली असती, तर सहा महिन्यांचा पत्रव्यवहार वाचला असता.

माझी मागणी मोठी नव्हती. हस्तलिखित नोंदवह्या आणि संध्याकाळनंतरच्या क्षेत्रभेटी माझ्याकडून काढून घ्याव्यात, त्याऐवजी संगणकावरचा पत्रव्यवहार द्यावा आणि संगणकावर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी, प्रणाली बसवून मिळावी, एवढेच मी मागितले होते. एनव्हीडीए नावाची ही प्रणाली विनामूल्य मिळते. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी तिचे काम सुरू केले आणि आज ती मराठीही वाचून दाखवते. तरीही माझा अर्ज 'अनुदान उपलब्ध नाही' असा शेरा मारून परत आला. काही दिवसांनी मला बोलावून, रुग्णता निवृत्तिवेतनाचा, म्हणजे शारीरिक असमर्थतेमुळे मुदतीआधीच निवृत्त होण्याचा, प्रस्ताव पाठवावा का, असे विचारण्यात आले. विचारणाऱ्याचा स्वर सहानुभूतीचा होता आणि त्यामुळेच ते अधिक धोक्याचे होते. घरात दोन शिकती मुले असलेला, डोळ्यांनी खचलेला माणूस अशा वेळी सही करून मोकळा होतो.

ती सही करण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असावा असा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम २० फक्त शासकीय आस्थापनांसाठी आहे आणि त्याची भाषा अतिशय स्पष्ट आहे. नोकरीच्या कोणत्याही बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही, केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने पदोन्नती नाकारता येणार नाही आणि सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आले त्याला कामावरून कमी करता येणार नाही किंवा खालच्या पदावरही आणता येणार नाही. मूळ पदाचे काम त्याला झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर नेमायचे. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, त्याला अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचे. काही आस्थापनांना सूट देण्याचा अधिकार शासनाने या कलमात राखून ठेवला आहे आणि केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांना ती दिली. लिपिकाच्या टेबलाला अशी सूट नाही.

माझ्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत मौल्यवान गोष्ट त्याच्या व्याख्यांमध्ये आहे. दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता यावे म्हणून करायच्या आवश्यक व योग्य बदलांना कायद्याच्या इंग्रजीत 'रीझनेबल अकोमोडेशन' म्हटले आहे. मी त्याला साध्या मराठीत वाजवी सोय म्हणतो. अशी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे कलम २ मध्ये लिहिलेले आहे. म्हणजे साहेबांनी अपमान केला किंवा वाईट हेतूने वागवले, हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. सोय मागितली, ती आस्थापनेवर अवाजवी भार टाकणारी नव्हती आणि तरीही नाकारली, एवढे कागदावर दाखवता आले की पुरे. माझ्या पहिल्या तीन अर्जांचा विषय 'काम बदलून मिळणेबाबत विनंती' असा होता. चौथ्या अर्जाचा विषय मी 'कलम २० (२) अन्वये वाजवी सोय मिळणेबाबत' असा लिहिला आणि त्या दिवसापासून माझ्या नस्तीचा प्रवास बदलला. विनंतीवर शेरा मारता येतो. कलमाखाली केलेल्या मागणीवर टिपणी लिहावी लागते आणि टिपणीखाली कोणाला तरी नावानिशी सही करावी लागते.

आता सेवेच्या पहिल्या पायरीबद्दल, जी माझ्या मते सर्वांत कच्ची आहे. कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याची माहिती आयुक्तांना कळवायची असते, तक्रारींची नोंदवही ठेवायची असते आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. कल्पना उत्तम आहे. भांडण कार्यालयाच्या भिंतीबाहेर जाण्यापूर्वीच मिटावे आणि कर्मचाऱ्याला पुण्या-मुंबईच्या खेपा घालाव्या लागू नयेत, हा तिच्यामागचा विचार आहे. प्रत्यक्षात माझ्या कार्यालयात हा अधिकारी कोण, हे शोधण्यातच पाच आठवडे गेले आणि अखेरीस ज्या अधिकाऱ्याने माझा अर्ज 'अनुदान उपलब्ध नाही' म्हणून परत केला होता, त्यांनाच माझी तक्रार ऐकण्यासाठी नेमण्यात आले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात व्यक्तिगत कडवटपणा नाही. पण स्वतःच्याच निर्णयाची चौकशी स्वतः करण्याची वेळ कोणावरही येऊ नये, एवढी साधी तरतूद या कलमात असायला हवी होती.

याच कलमात एक शाब्दिक चूकही आहे आणि ती वापरणाऱ्याने माहीत करून घ्यावी. कलम २३ च्या पहिल्या पोटकलमात हा अधिकारी 'कलम १९ च्या प्रयोजनार्थ' नेमावा असे छापलेले आहे आणि कलम १९ तर व्यवसाय प्रशिक्षण व स्वयंरोजगार यांविषयी आहे. दुसऱ्या पोटकलमात मात्र कलम २० चे पालन न झाल्यास तक्रार करता येईल असे स्वच्छ म्हटले आहे. आमच्या आस्थापना शाखेने पहिल्या पोटकलमावर बोट ठेवून माझी तक्रार 'कार्यकक्षेबाहेरील' ठरवण्याचा प्रयत्न केला होता. दुसरे पोटकलम अक्षरशः उतरवून दिल्यावर तो मुद्दा मागे पडला. तुमच्यावर अशी वेळ आली तर वाद घालत बसू नका. मजकूर जोडा आणि पोहोच घ्या.

दोन आठवड्यांची मुदत तीन महिन्यांवर गेली. या पायरीवर समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. मी तेथे गेलो नाही, कारण तोपर्यंत रुग्णता निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावासाठी माझी वैद्यकीय कागदपत्रे मागवणारे पत्र निघाले होते आणि मला थेट आयुक्तांकडे जाणे अधिक सुरक्षित वाटले.

आयुक्तांकडील सेवा हा या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत माणुसकीचा भाग आहे, असे मी अनुभवावरून म्हणतो. मला शुल्क भरावे लागले नाही, वकील करावा लागला नाही आणि मुद्रांकाचा कागदही लागला नाही. माझे नाव-पत्ता, कार्यालयाचे नाव, काय घडले त्याचा तारीखवार तपशील, मला काय हवे आहे आणि सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, अर्जांच्या पोहोचा व नकाराची पत्रे, एवढ्यावर तक्रार दाखल झाली. कायद्याने आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत आणि त्याचा परिणाम तात्काळ दिसतो. जी टिपणी मला दीड वर्ष मिळत नव्हती, ती आयुक्तांच्या नोटिशीनंतर कार्यालयाने स्वतःहून सादर केली. सुनावणीत मला बसून बोलू दिले गेले आणि कार्यालयाचे उत्तर मला वाचून दाखवण्यात आले. समोरच्या पक्षाचे म्हणणे नेमके काय आहे हे मला त्या दिवशी प्रथमच पूर्णपणे कळले. आमच्या जिल्ह्यातून पुण्याला जाणे म्हणजे एसटीने सहा तास आणि सोबतीला मुलगा, त्याची परीक्षा चालू असली तरी. तरीही ती खेप मला जड वाटली नाही.

या पायरीची मर्यादा मात्र कायद्यातच कोरलेली आहे आणि ती समजून न घेता येथे आलेल्या माणसाची निराशा होते. आयुक्त जे देतात ती शिफारस असते. कलम ८१ नुसार संबंधित प्राधिकरणाने त्या शिफारशीवर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते आणि शिफारस मान्य नसेल तर त्याच मुदतीत कारणे द्यायची असतात, ती तक्रारदारालाही सांगायची असतात. म्हणजे कार्यालयाला नकार देण्याची वाट शिल्लक राहते. दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. जुन्या, १९९५ च्या कायद्याखालील एका प्रकरणात केंद्रातील मुख्य दिव्यांग आयुक्तांनी एका बँक कर्मचाऱ्याच्या निवृत्तीला अंतरिम स्थगिती दिली होती. आयुक्तांना असा अंतरिम आदेश देण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. त्यामुळे उद्या सकाळी तुम्हाला सेवेतून कमी करण्याचा आदेश निघणार असेल, तर आज संध्याकाळी आयुक्तांकडे टपालाने तक्रार पाठवून तो थांबणार नाही.

माझ्या बाबतीत शिफारस मान्य झाली. क्षेत्रभेटी बंद झाल्या, पत्रव्यवहाराचे काम मिळाले आणि एनव्हीडीए बसवण्याचा आदेश निघाला. आदेश निघाल्यावरही संगणकाचा पासवर्ड ज्या तंत्रज्ञाकडे होता, त्याला यायला दोन महिने लागले. प्रणाली बसली आणि लक्षात आले की कार्यालयातील जुनी पत्रे कृतिदेव आणि श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरसंकेतांची पद्धत, वापरत नाहीत. डोळ्यांना त्यांतली अक्षरे मराठी दिसतात, पण पडदावाचकाला आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांगच सापडते आणि तो तीच वाचून दाखवतो. शिक्का मारून स्कॅन केलेले परिपत्रक तर त्याच्या लेखी एक चित्र असते. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याचे काम मीच मागून घेतले आणि आता ते माझ्या शाखेपुरते जवळजवळ पूर्ण झाले आहे. सांगण्याचे कारण असे की मागणी लिहिताना केवळ 'सॉफ्टवेअर मिळावे' असे न लिहिता, मजकूर युनिकोडमध्ये मिळावा, परिपत्रकांच्या मूळ प्रती मिळाव्यात आणि प्रणाली कोणत्या तारखेपर्यंत कोणी बसवून द्यावी, हेही लिहावे. शिफारस तुमच्या मागणीच्या शब्दांपुढे सहसा जात नाही.

पुढची पायरी मला चढावी लागली नाही, परंतु तिच्यासाठी कागद तयार ठेवले होते, म्हणून तिचे नियम सांगतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. त्याचे कामकाज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे चालते. जिल्हा परिषदेचे कर्मचारी त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना अखेर उच्च न्यायालय गाठावे लागते. न्यायाधिकरणाचे बळ असे की त्याचा आदेश बंधनकारक असतो आणि ते अंतरिम स्थगितीही देऊ शकते. मात्र मुदतीबाबत ते कठोर आहे. अंतिम आदेशापासून एक वर्षात मूळ अर्ज दाखल करावा लागतो. कार्यालयाने निवेदनावर काहीच उत्तर दिले नाही तर सहा महिने थांबून त्यापुढील एका वर्षात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. आयुक्तांकडे प्रकरण चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबले आहे, असे कोणीही गृहीत धरू नये. वकिलाच्या खर्चाची भीती असेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते. ही माहिती मला आमच्या कार्यालयात कोणीही दिली नव्हती.

न्यायालयांनी या विषयावर जे निर्णय दिले आहेत, ते तक्रारीला जोडण्यासारखे आहेत आणि त्यांतील दोन, जुन्या १९९५ च्या कायद्याखालचे असले तरी, माझ्या अर्जात होते. कुणाल सिंग हे एका केंद्रीय दलातील शिपाई. कर्तव्यावर झालेल्या दुखापतीनंतर त्यांचा पाय काढावा लागला आणि त्यांना अपात्र ठरवून सेवेतून कमी करण्यात आले. रुग्णता निवृत्तिवेतन मिळत असले तरी दुसऱ्या पदावर सामावून घेण्याचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. दुसरे प्रकरण भगवान दास यांचे आहे आणि ते वाचताना मला रडू आले होते. पंजाब राज्य वीज मंडळात साहाय्यक लाइनमन असलेल्या या माणसाची दृष्टी १९९४ मध्ये पूर्णपणे गेली. कायदा त्याला माहीत नव्हता. आपल्याला निवृत्त करावे आणि पत्नीला नोकरी द्यावी, असे पत्र त्याने लिहिले आणि मंडळाने त्यातले पहिले वाक्य स्वीकारून त्याला निवृत्त केले. हक्काची जाणीव नसताना लिहिलेले ते पत्र त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले आणि त्याला सेवेत परत घ्यायला लावले. दृष्टी जाणे आणि न्याय मिळणे यांमध्ये चौदा वर्षे गेली.

मनोविकार असलेल्या कर्मचाऱ्यांनी २०२१ चा रवींदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणातील निर्णय अवश्य पाहावा. मानसिक आजाराशी निगडित वर्तनावरून केलेली शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे अशा कर्मचाऱ्यावर गैरवर्तनाची नोटीस फार लवकर निघते आणि त्याच्या आजाराचा कागद सेवापुस्तकात कोणी शोधतही नाही.

या सेवेला गुण द्यायचे झाले तर मी आयुक्तांच्या पायरीला पाचपैकी चार देईन आणि कार्यालयातील पायरीला एक. तो एकही केवळ कायद्याने ती पायरी ठेवली आहे म्हणून. वाईट इतकेच वाटते की बहुसंख्य कर्मचाऱ्यांची गाठ पहिल्या पायरीशीच पडते आणि तेथूनच ते परत फिरतात. माझ्याच विभागातील एका सहकाऱ्याने पक्षाघातानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली तेव्हा त्याच्या सेवेची नऊ वर्षे शिल्लक होती. कलम २० त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही सर्वांनी त्याला निरोपाचा नारळ आणि शाल दिली होती.

आमच्या कार्यालयातील तक्रार नोंदवही माझ्या तक्रारीसाठी नव्याने आणली गेली आणि तिच्यात माझी नोंद पहिल्या क्रमांकाची आहे. दुसऱ्या क्रमांकाची नोंद आता झाली आहे. ती एका कर्णबधिर शिपायाची आहे. त्याला दूरध्वनीच्या टेबलावर बसवून 'कामात हयगय' असा ज्ञापन दिला गेला होता. त्याचा अर्ज मी एनव्हीडीएवर ऐकत टंकला, विषयात कलम लिहिले, पोहोच घेतली आणि त्याच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली. त्याच्या तक्रारीचे दोन आठवडे येत्या सोमवारी पूर्ण होत आहेत.